स्वामी रामानंद तीर्थ : एका हेडमास्तरांची जीवनवाट



दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी ध्वजवंदनाच्या वेळी आमच्या शाळेत टेबलावर काही तसबिरी मांडल्या जातात. त्यांत एक तसबीर भगव्या वस्त्रांतील एका कृश माणसाची असते. मागे एकदा पाचवीतल्या एका मुलाने हार घालताना विचारले की, हे कोणत्या मठाचे स्वामी आहेत? गुरुजींनी सांगितले की, हे मठाचे नव्हेत, हे आधी आपल्यासारख्याच एका शाळेचे हेडमास्तर होते. मुलाला ते खरे वाटले नाही. भगव्या कपड्यातला हेडमास्तर त्याने कधी पाहिला नव्हता.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट आम्हांला आठवते. दहावीचा निकाल लागला होता. एक विद्यार्थी गुणपत्रिका नेण्यास आलाच नाही. तीन दिवसांनी त्याचे वडील आले आणि मुलगा घराबाहेर पडत नाही, जेवत नाही, असे सांगून दाराशीच उभे राहिले. त्यांना काय सांगावे ते आम्हांला सुचेना. पुढे आम्ही शिक्षक मंडळी बोलत बसलो तेव्हा त्या तसबिरीची आठवण निघाली. ज्यांच्या आयुष्यात एकही वाट सरळ शेवटाला गेली नाही, त्या माणसाची गोष्ट आपण मुलांना फक्त तारखांपुरती सांगतो, हे आमच्या लक्षात आले. म्हणून यंदा ती थोडी सविस्तर सांगत आहोत.

सीमेवरचे बालपण

स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी सिंदगी येथे झाला. सिंदगी आज विजयपूर जिल्ह्यात आहे, आणि कलबुर्गीहून फार दूर नाही. म्हणजे स्वामीजी आपल्याच भागातले. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी, हा आपल्याकडील मुलांना आजही येणारा अनुभव या भागातल्या पिढ्यान्‌पिढ्यांनी घेतलेला आहे.

शिक्षणासाठी ते सोलापूरला गेले. हुशार मुलाने इंग्रजी शिकावे, मॅट्रिक व्हावे, सरकारी नोकरी धरावी आणि घर वर काढावे, अशी त्या काळी सर्वसाधारण घरांची अपेक्षा असे. आजही ती फारशी बदललेली नाही, फक्त परीक्षांची नावे बदलली आहेत.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले. व्यंकटेश तेव्हा सोळा वर्षांचा होता. म्हणजे आपल्या दहावी-अकरावीच्या मुलाएवढा. त्या दिवसांत त्याने आजन्म अविवाहित राहून देशाची सेवा करण्याचा निश्चय केला. महात्माजींची असहकाराची हाक आली तेव्हा त्याने सरकारमान्य शाळाही सोडली.

येथे आम्ही विद्यार्थ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगू इच्छितो. शाळा सोडली याचा अर्थ शिक्षण सोडले असा नाही. व्यंकटेश पुढे अंमळनेरला शिकला आणि तेथून पुण्याच्या टिळक महाविद्यालयात गेला. टिळकांच्या स्मरणार्थ १९२१ साली निघालेल्या विद्यापीठाच्या परंपरेत त्याने उच्च शिक्षण पुरे केले. मात्र अशा राष्ट्रीय शिक्षणसंस्थांच्या पदवीला इंग्रज सरकारच्या दरबारी किंमत नव्हती. ती हाती घेऊन सरकारी नोकरी मिळणार नव्हती. हे त्याला आधीपासून ठाऊक होते आणि तरी त्याने अभ्यासात कसूर केली नाही. नोकरी मिळणार नसली तरी ज्ञान लागणार आहे, एवढा हिशेब त्याला कळला होता.

शरीर थकले तेव्हा

शिक्षण संपल्यावर व्यंकटेशने पहिले काम निवडले ते कामगारांचे. मुंबईत ना. म. जोशी यांचे नाव त्या वेळी कामगार चळवळीत सर्वत्र घेतले जाई. अखिल भारतीय कामगार संघटनेच्या उभारणीत ते होते आणि दिल्लीच्या केंद्रीय कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत. व्यंकटेश त्यांचा सहकारी झाला. गिरण्यांतील माणसांच्या तक्रारी ऐकणे, त्या लिहून काढणे, पत्रव्यवहार, सभा, प्रवास असे ते अविश्रांत काम होते. जोशींसारखा मार्गदर्शक आणि देशपातळीवरचे क्षेत्र मिळाले होते. येथेच त्याचे आयुष्य मार्गी लागले असे कोणालाही वाटले असते.

पण शरीर थकले. ऐन पंचविशीत अर्धांगवायूसारख्या आजाराने त्याला गाठले. ज्या तरुणाने घर, संसार आणि नोकरी आधीच सोडली होती, त्याच्याजवळ धडधाकट शरीर हीच एक पुंजी होती. तीच गेली. कामगारांचे काम धावपळीचे. ते आता होणार नव्हते.

मित्रांनो, चरित्रांमध्ये असे प्रसंग एका वाक्यात येऊन जातात. पण अंथरुणावर पडलेल्या माणसाला तो काळ एका वाक्याएवढा नसतो. छताकडे पाहत काढलेले दिवस असतात. सोडून दिलेल्या गोष्टी मनात येत असतील. बरोबरीचे लोक वकील झाले, मामलेदार झाले, हेही दिसत असेल. स्वामीजींच्या मनात त्या दिवसांत नेमके काय आले, हे आम्ही येथे कल्पनेने सांगणार नाही. त्यांनी पुढे काय केले ते मात्र सांगता येते. बरे वाटू लागताच त्यांनी जे काम त्या प्रकृतीला झेपेल असे होते ते शोधले. मुंबई-दिल्लीहून ते एका खेड्यातल्या शाळेत आले.

हिप्परग्याची शाळा

ते खेडे म्हणजे हिप्परगा. आज ते धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात येते. आपल्या बसवकल्याणहून उमरग्याच्या बाजूला गेले की हाच मुलूख लागतो. तेथे १९२१ साली व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली होती. १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर या शाळेचे मुख्याध्यापक झाले.

या नेमणुकीचे महत्त्व समजण्यासाठी त्या वेळचे हैदराबाद संस्थान डोळ्यांसमोर आणले पाहिजे. निजामाच्या या संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू भाषेचे, पाच मराठवाड्याचे आणि बीदर, गुलबर्गा, रायचूर हे तीन कर्नाटकाचे. बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी, पण राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. एका भारतीय भाषेत सर्व उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु खेड्यातल्या मराठी किंवा कन्नड मुलाला वर चढायचे तर आधी घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवावी लागे. खाजगी शाळा चालवायची तर परवानगी लागे. सभा भरवायची तर गश्ती निशाण ५३ या नावाने ओळखला जाणारा सरकारी हुकूम आड येई. अशा ठिकाणी मराठीतून शिकवणारी शाळा चालवणे हेच एक मोठे सार्वजनिक काम होते.

हिप्परग्यात मुलांच्या बरोबर राहून शिकवणे, अभ्यासाइतकेच स्वच्छतेकडे, व्यायामाकडे आणि वागणुकीकडे लक्ष देणे, तुटपुंज्या पैशांत शाळा चालवणे, हे हेडमास्तरांचे रोजचे काम झाले. हिप्परग्याला असतानाच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. ही दीक्षा स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतली. रामतीर्थ स्वतः संन्यासापूर्वी लाहोरला गणिताचे प्राध्यापक होते, हे आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांना वाचून आनंद वाटेल.

संन्यास घेतल्यावर स्वामीजी हिमालयात गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही शाळेची घंटा होती आणि मुले होती. संन्यास म्हणजे कामातून सुटका असा आपल्याकडे समज आहे. स्वामीजींनी स्वतःसाठी काही मिळवण्याची हाव सोडली आणि काम तसेच धरून ठेवले.

तसबिरीपुढे उभ्या राहिलेल्या त्या पाचवीतल्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. ते मठाचे स्वामी नव्हते, शाळेचे होते.

चाललेली शाळा मागे ठेवून

१९३५ च्या सुमारास स्वामीजी आणि त्यांचे सहकारी अंबाजोगाईला आले. सरकारी कागदांत या गावाचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते. तेथे योगेश्वरी नूतन विद्यालयाची घडी त्यांनी बसवली. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे सहकारी त्यांना मिळाले. शाळा चांगली चालू लागली. मराठवाड्यात पुढे सार्वजनिक कामांत पुढे आलेली अनेक मंडळी या वातावरणात तयार झाली.

आमच्यासारख्या शाळेत आयुष्य घालवलेल्या माणसांना पुढचा प्रसंग फार विचार करायला लावतो. शाळा नावारूपाला येत असतानाच १९३८ मध्ये स्वामीजींनी ती सोडली.

कारण असे होते. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि संस्थानातील मराठी भागात जागृती होऊ लागली. आंध्र आणि कर्नाटक भागांतही अशाच परिषदा काम करीत होत्या. तिन्ही भागांतल्या लोकांनी मिळून हैदराबाद स्टेट काँग्रेस काढण्याचे ठरवले. तेव्हा ती रीतसर सुरू होण्यापूर्वीच, १९३८ च्या सप्टेंबरात, सरकारने तिच्यावर बंदी घातली. बंदी मोडण्यासाठी २४ ऑक्टोबर १९३८ पासून सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल यांच्या नेतृत्वाखाली पहिली तुकडी गेली. पाठोपाठ स्वामीजीही सत्याग्रह करून तुरुंगात गेले.

हा निर्णय सोपा नव्हता. एका बाजूला आपल्या हाताने उभी केलेली शाळा, रोज समोर बसणारी मुले. दुसऱ्या बाजूला एक संघटना, जिला कायद्याने अस्तित्वच नव्हते. शिवाय प्रकृती पूर्वीसारखी राहिलेली नव्हती. अशा माणसाने शाळेतच राहून काम केले असते तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. शाळेत शिकवलेले मूल उद्या बोलूच शकणार नसेल, सभाच भरवू शकणार नसेल, तर शिक्षणाचा पुढचा टप्पा शाळेबाहेर आहे, हे स्वामीजींनी ओळखले असावे. त्यांनी शाळा वाऱ्यावर मात्र सोडली नाही. ती सांभाळणारी माणसे त्यांनी आधीच तयार केली होती. म्हणूनच योगेश्वरीचे काम त्यांच्या पश्चात थांबले नाही, वाढले. आपल्या वाचून अडणार नाही अशी संस्था उभी करणे, ही विश्वस्तांनी आणि आम्ही शिक्षकांनी त्यांच्याकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट आहे.

तुरुंगातली पंधरा ऑगस्ट

त्यानंतरची दहा वर्षे म्हणजे तुरुंगाच्या आत आणि बाहेर अशी येरझार होती. १९३८ नंतर १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात, १९४२ च्या लढ्यात, पुन्हा पुन्हा अटक झाली. बाहेर यावे, विस्कटलेले काम गोळा करावे आणि ते उभे राहते न राहते तोच पुन्हा आत जावे.

स्टेट काँग्रेसवरील बंदी उठली ती १९४६ साली. म्हणजे ज्या संस्थेसाठी त्यांनी शाळा सोडली तिला उघडपणे काम करता येण्यास आठ वर्षे लागली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वामीजी उभे राहिले आणि बुर्गुल रामकृष्णराव यांच्याविरुद्ध अगदी थोड्या मतांनी निवडून आले. म्हणजे स्वतःच्या संघटनेतही सर्व जण त्यांच्या मताचे नव्हते. नेमस्त आणि जहाल असे दोन गट होते आणि त्यांचे मतभेद पुढेही मिटले नाहीत. मोठ्या माणसांची कामे सर्वांच्या एकमताने होतात असा आपला समज असतो. तो खरा नाही.

१९४७ च्या जूनमध्ये हैदराबादेत मुशीराबाद येथे स्टेट काँग्रेसचे पहिले अधिवेशन स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली भरले. संस्थानाने भारतात सामील व्हावे आणि प्रजेला जबाबदार राज्यपद्धती मिळावी ही मागणी तेथे झाली. ७ ऑगस्टला सामीलीकरण दिन पाळला गेला. आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी, सारा देश दिवे लावत होता त्या दिवशी, स्वामीजींना अटक झाली. ज्या दिवसासाठी सोळाव्या वर्षी घर-संसाराचा विचार सोडला, तो दिवस उजाडला तेव्हा हा माणूस तुरुंगाच्या वाटेवर होता.

नोव्हेंबरअखेर भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला तेव्हा त्यांची सुटका झाली. १९४८ च्या जानेवारीत ते पुन्हा पकडले गेले. बाहेर दिगंबरराव बिंदू यांच्या नेतृत्वाखाली कृती समिती काम करीत होती आणि संस्थानाच्या सरहद्दीवर कार्यकर्त्यांची शिबिरे उभी होती. सोलापूरचे नाव त्यात आमच्या भागातल्या वृद्ध मंडळींच्या तोंडून आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. कासीम रझवीच्या रझाकारांनी त्या काळात गावेच्या गावे हवालदिल केली. बीदर जिल्ह्यातील गोरटा गावी १९४८ च्या मे महिन्यात जे हत्याकांड झाले त्याची आठवण तेथे आजही ताजी आहे.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. त्याच दिवशी स्वामीजी तुरुंगातून सुटले. म्हणून आपण १७ सप्टेंबर पाळतो. सीमेच्या पलीकडे तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आहे. आपल्याकडे तो पूर्वी हैदराबाद कर्नाटक विमोचन दिन म्हणून पाळला जाई आणि २०१९ पासून कल्याण कर्नाटक उत्सव दिन या नावाने पाळला जातो. नावे दोन असली तरी दिवस एकच आहे.

या इतिहासाची एक बाजू मुलांना सांगून दुसरी लपवणे आम्हांला योग्य वाटत नाही. हा लढा एका राजवटीशी होता, शेजाऱ्याशी नव्हता. भारतात सामील व्हावे असे निर्भीडपणे लिहिणारे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली, तेही मुसलमानच होते. आणि पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या भागांत अनेक निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूडाचे अत्याचार झाले. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली ती त्याच चौकशीसाठी. आपल्या वर्गांत आज या सर्व घरांतली मुले शेजारी शेजारी बसतात. त्यांनी दोन्ही दुःखे जाणून घ्यावीत असे आम्हांला मनापासून वाटते.

खुर्ची आणि नकाशा

लढा संपल्यावर बक्षिसाची वेळ येते. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्रिपद बुर्गुल रामकृष्णराव यांना मिळाले. सहा वर्षांपूर्वी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वामीजींकडून हरलेले तेच. स्वामीजींनी कोणतेही मंत्रिपद भूषवले नाही. ते लोकसभेवर गेले, आणि आमच्या वाचकांना अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, ते गुलबर्ग्याहून निवडून गेले. आमच्या काही विद्यार्थ्यांच्या पणजोबांनी त्यांना मत दिले असेल. १९५७ साली ते औरंगाबादहून पुन्हा खासदार झाले.

आता ज्या गोष्टीबद्दल आमच्या घरांत आजही बोलले जाते त्या गोष्टीकडे येऊ. हैदराबाद राज्य तीन भाषांचे. ते तसेच एकत्र ठेवावे असे मानणारे मोठमोठे नेते होते, पंडित नेहरूंनाही सुरुवातीला ते मोडणे पसंत नव्हते. स्वामीजींनी मात्र भाषेप्रमाणे विभागणी व्हावी अशी भूमिका घेतली. राज्य लोकांच्या भाषेत चालले तरच ते लोकांचे होईल, हा धडा त्यांना हिप्परग्यापासून मिळालेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले. मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्रात, आणि गुलबर्गा, रायचूर व बीदर म्हैसूर राज्यात. खुद्द बीदर जिल्ह्याचेही तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, काही भाग आंध्राला मिळाला आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण इकडे राहिले.

या विभागणीने लाखो लोकांना आपल्या भाषेतले राज्य मिळाले. पण कोठे तरी रेघ ओढावीच लागते, आणि रेघेजवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला दोन्हीकडचे थोडे थोडे येते. आपली मराठी घरे रेघेच्या अलीकडे राहिली. मामाचे गाव दुसऱ्या राज्यात गेले. शाळेच्या माध्यमाचा, पुढच्या शिक्षणाचा, नोकरीच्या अर्जाचा प्रश्न आपल्यासाठी कायमचा अवघड झाला. आमच्यातल्या काही वडीलधाऱ्यांच्या मनात स्वामीजींच्या त्या भूमिकेविषयी हळहळ होती, आणि ती आम्ही त्यांच्या तोंडून ऐकली आहे.

याचे सरळ उत्तर आमच्यापाशी नाही. एवढेच दिसते की, या विभागणीत स्वामीजींचेही काही गेले. जे राज्य निजामाच्या हातून सोडवण्यासाठी त्यांनी दहा वर्षे तुरुंगवाऱ्या केल्या ते राज्यच नकाशावरून पुसले गेले. त्यांची जन्मभूमी एका राज्यात, शाळा दुसऱ्या राज्यात आणि अखेरचे वास्तव्य तिसऱ्या राज्यात राहिले. योग्य वाटणारा निर्णय घेतला तरी त्याची किंमत कोणाला तरी भरावी लागते. स्वामीजींनी आपल्या वाट्याची किंमत भरली आणि ते कामाला लागले. आपल्या वाडवडिलांनीही तेच केले. घरात मराठी राखली, बाजारात कन्नड आपलीशी केली आणि मुलांसाठी शाळा चालवल्या. म्हणून आज ही पत्रिका तुमच्या हाती आहे.

अखेरची वर्षे

राजकारणातून स्वामीजी हळूहळू बाजूला झाले. खादी आणि शिक्षण ही त्यांची आवडीची कामे चालूच होती. नांदेडला १९५० साली शिक्षणसंस्था उभी करून पीपल्स कॉलेज सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. १९६७ साली त्यांच्या हैदराबाद स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे देहावसान झाले. वय अडुसष्ट वर्षांचे होते. ज्या शरीराने पंचविशीतच हात टेकले होते, त्याच शरीराकडून त्यांनी पुढे चाळीसहून अधिक वर्षे काम करून घेतले.

त्यांच्या तालमीत तयार झालेले पी. व्ही. नरसिंह राव १९९१ साली देशाचे पंतप्रधान झाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठाला स्वामीजींचे नाव आहे. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचेच नाव आहे. आपल्या भागातली मुले या दोन्ही ठिकाणी शिकायला जातात, तेव्हा पाटीवरचे नाव कोणाचे आहे ते त्यांना ठाऊक असावे.

आमच्या मुलांसाठी

स्वामीजींचे आयुष्य पुढे ठेवून आम्ही मुलांना संन्यास घ्या किंवा शाळा सोडा असे सांगत नाही. तो काळ वेगळा होता. आज दहावी झालेल्या मुलापुढे प्रश्न असतो तो सायन्स की कॉमर्स, कन्नड माध्यम की इंग्रजी, गावात राहायचे की लातूर, सोलापूर, हैदराबाद गाठायचे. मराठी माध्यमातून पी.यू.सी.ला गेलेले आमचे मूल पहिले सहा महिने वर्गात गप्प बसते, हे आम्हांला माहीत आहे. काही जण तेथेच खचतात.

अशा वेळी हा हिशेब मांडून पाहावा. व्यंकटेश खेडगीकरांची सरकारी शाळा सुटली, कामगारांचे काम आजाराने सुटले, हिप्परगा सुटले, अंबाजोगाई सुटली, स्वातंत्र्याचा दिवस तुरुंगात गेला आणि शेवटी त्यांचे राज्यही राहिले नाही. यशाच्या नेहमीच्या मोजपट्टीने पाहिले तर ही अपयशांची यादी होईल. पण प्रत्येक वेळी त्यांनी जवळचे, आपल्या कुवतीतले काम उचलले आणि ते मन लावून केले. खेड्यातली शाळा त्यांनी दिल्लीतल्या कामापेक्षा कमी मानली नाही.

पालकांनाही आमची एक विनंती आहे. निकालाच्या दिवशी मुलाच्या गुणांची शेजारच्या मुलाशी तुलना करण्याआधी त्याला जेवायला वाढा. त्याला काय जमते, काय आवडते, याबद्दल दोन दिवसांनी शांतपणे बोला. आजारातून उठलेल्या एका तरुणाला हिप्परग्याच्या लोकांनी एक शाळा सोपवली. त्याची पदवी सरकारमान्य आहे की नाही यावर ते अडून बसले नाहीत. माणूस उभा राहायला कधी कधी एवढा विश्वासही पुरतो.

ज्या मुलाचे वडील दाराशी उभे होते, त्याला आम्ही घरी जाऊन शाळेत आणले. पुरवणी परीक्षेपर्यंत तो रोज संध्याकाळी गुरुजींकडे बसला आणि दुसऱ्या खेपेस पास झाला. पुढे त्याने आय.टी.आय. केले. यंदाच्या १७ सप्टेंबरला तो आला होता. तसबिरींना लागणारी फुले त्यानेच आणली.